दिल्लीच्या पायऱ्या कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दिल्ली आणि खुर्ची हे दोन शब्द एकत्र उच्चारले की राजकीय कार्यकर्त्याच्या मनात एकच अर्थ उमटतो. ती खुर्ची मिळवावी कशी, टिकवावी कशी आणि गेली तर परत आणावी कशी, ह्याची चर्चा वर्षानुवर्षे चालत आली आहे. आजच्या भाषणाचा विषय दिल्लीतील एक वेगळी खुर्ची हा आहे. तिला चार चाके असतात. तिच्यावर बसणाऱ्याला ती निवडणुकीने मिळालेली नसते, आणि पाच वर्षांनी तिच्यावरून उठण्याची सोयही नसते. ह्या खुर्चीत बसून कोणी आपल्या राजधानीचा इतिहास पाहावयास निघाला, तर तो कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे अडतो, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. पण समतेची कसोटी मोठ्या घोषणांच्या जागी लागत नाही; ती उंबऱ्याशी लागते.

जानेवारी २००१ मधील एका प्रसंगापासून आरंभ करणे सोयीचे होईल. विश्वविख्यात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग त्या महिन्यात भारतात आले होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरविलेल्या परिषदेस उपस्थित राहून ते पुढे दिल्लीस गेले. त्यांना दिल्लीतील ऐतिहासिक वास्तू पाहावयाच्या होत्या. ऐन तारुण्यात जडलेल्या मज्जासंस्थेच्या व्याधीमुळे त्यांचे सारे आयुष्य चाकांच्या खुर्चीत चालले होते, आणि दिल्लीच्या वास्तूंना पायऱ्या होत्या. अपंगांच्या चळवळीतील कार्यकर्ते जावेद अबिदी, जे स्वतः चाकांच्या खुर्चीचा वापर करीत, त्यांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर शासनयंत्रणा हलली आणि लाल किल्ला, हुमायूनची कबर, कुतुबमिनार व जंतरमंतर ह्या चार ठिकाणी घाईने लाकडी उतार बसविण्यात आले. हॉकिंग ह्यांनी कुतुब पाहिला, जंतरमंतर पाहिले. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास उभारलेल्या त्या वेधशाळेत आकाशाचा अभ्यास करणारा आपल्या काळातील एक थोर माणूस जाऊ शकला, ही आनंदाचीच गोष्ट झाली.

परंतु ह्या आनंदात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जी गोष्ट अनेक दशकांत झाली नाही ती काही दिवसांत कशी झाली? लाकूड तेव्हाच उपलब्ध झाले असे नाही. सुताराची विद्याही नवी नव्हती. पायरीपुढे उतार ठेवता येतो हे ज्ञान मिळविण्यासाठी विश्वोत्पत्तीचा सिद्धान्त समजावा लागत नाही. कमतरता साधनांची नव्हती, निकडीची होती. बाहेरचा पाहुणा येणार म्हणताच जी निकड वाटली, ती स्वतःच्या नागरिकांसाठी वाटली नव्हती. हॉकिंग आणि अबिदी हे दोघेही मार्च २०१८ च्या एकाच पंधरवड्यात निवर्तले. त्या लाकडी फळ्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मागे उरला आहे: उतार हा पाहुण्याचा सन्मान आहे, की नागरिकाचा हक्क?

नागरिक किती, हेही पाहू. २०११ च्या जनगणनेत अपंग म्हणून नोंदले गेलेले लोक २ कोटी ६८ लाख होते, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीसंबंधीचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगात दर सहा माणसांमागे एकास कोणते ना कोणते लक्षणीय अपंगत्व आहे. जगातला प्रत्येक सहावा माणूस अपंग असेल आणि भारतातला केवळ पंचेचाळिसावा, तर भारतीयांचे हातपाय जगाहून भक्कम आहेत असा निष्कर्ष काढण्याचे धाडस कोणी करणार नाही. व्याख्या निराळ्या आहेत हे खरे. पण मोजण्याची पद्धत माणसाला कागदावरून कशी गाळते, हेही त्यातून दिसते. जो रस्त्यावर दिसत नाही तो खानेसुमारीतही धडपणे दिसत नाही, आणि जो खानेसुमारीत दिसत नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

आता एका माणसाची कल्पना करा. इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार आहे. अपघातात मणक्याला इजा होऊन त्याचे पाय गेले. पण संघटनेतले काम त्याने सोडले नाही. जंतरमंतरवरील मोर्चासाठी तो साथींबरोबर दिल्लीस गेला आणि मोर्चा आटोपल्यावर एक दिवस शहर पाहण्यासाठी राहिला. हा माणूस कल्पित आहे. त्याच्या वाटेतल्या पायऱ्या कल्पित नाहीत.

आगगाडीपासूनच त्याची परीक्षा सुरू होते. आपल्याकडील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना टोकाशी अपंगांसाठी रुंद दाराचा कप्पा असतो. पण फलाट आणि डब्याचा तळ हे एका पातळीत नसतात, म्हणून ह्या रुंद दारातूनही त्याला उचलूनच आत घ्यावे लागते. दिल्लीत उतरून तो मेट्रोकडे वळला म्हणजे मात्र चित्र पालटते. डिसेंबर २००२ मध्ये धावू लागलेल्या ह्या रेल्वेत अपंगांच्या संघटनांच्या आग्रहामुळे आरंभापासून उद्‌वाहने, उतार आणि अंधांना पायाने ओळखता येतील अशा फरशा आल्या. डब्याचा तळ फलाटाच्या पातळीत आहे. मे २०१७ मध्ये लाल किल्ला आणि जामा मशीद अशी दोन स्थानके थेट जुन्या शहरात उघडली. आपला कामगार कोणाचाही हात न धरता जमिनीखालून शाहजहानच्या शहरात येऊन पोहोचतो. सार्वजनिक पैशाने बांधलेली सार्वजनिक व्यवस्था काय करू शकते, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. ज्यांना सार्वजनिक क्षेत्र म्हणजे अकार्यक्षमता असे सूत्र पाठ झाले आहे त्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

उद्‌वाहनाचे दार उघडते आणि तो रस्त्यावर येतो. येथून पुढे दिल्ली पुन्हा आपल्या ओळखीची होते. पदपथ आहे, पण त्याची कड उंच आहे. जेथे कड उतरती केली आहे तेथे दुचाकी चढू नयेत म्हणून खांब रोवलेले आहेत, आणि दोन खांबांमधून दुचाकी जाते, खुर्ची जात नाही. लाल किल्ल्यात काही भागांत उतार झाले आहेत. गेल्या दोन दशकांत पुरातत्त्व खात्याने कुतुबच्या आणि इतर मोठ्या स्मारकांच्या आवारांत अशा सोयी केल्या, हे नमूद करणे न्यायाचे होईल. चांदणी चौकाचा लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने बांधून पादचाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आला आणि दिवसाच्या वेळी मोटारींना तेथे मज्जाव झाला. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने आखविलेल्या त्या बाजारपेठेत सपाट दगडी फरसबंदीवरून खुर्ची ढकलीत जाण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. पण रस्ता सपाट झाला तरी दुकानांची जोती उंचच राहिली. रस्ता नगरपालिकेचा, जोते मालकाचे, आणि मधली पायरी कोणाचीच नाही.

पुढे जामा मशीद. १६५६ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका टेकाडावर उभी आहे. उत्तरेच्या दरवाज्याला ३९ पायऱ्या, दक्षिणेच्या दरवाज्याला ३३ आणि पूर्वेच्या शाही दरवाज्याला ३५. ह्या पायऱ्यांवर संध्याकाळी शहर येऊन बसते. त्या दिल्लीच्या सार्वजनिक जीवनाचे एक व्यासपीठच आहेत. आपला कामगार खाली थांबतो. साथी म्हणतात, चला, चौघे मिळून उचलतो. तो नको म्हणतो. ह्या नकाराचा अर्थ कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतला पाहिजे. तो अहंकार नव्हे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगायचे नाकारले, युनियनमध्ये बोनस हा बक्षीस नव्हे तर हक्क आहे असे सांगितले, त्याने स्वतःच्या देहाच्या बाबतीत तेच तत्त्व पाळले तर त्यात नवल ते काय? उचलले जाणारा माणूस भोवतीच्या चौघांच्या वेळेचा, बळाचा आणि मर्जीचा आश्रित होतो. कोठे थांबायचे, किती वेळ पाहायचे, परत केव्हा फिरायचे, ह्यांतले काहीच त्याच्या हाती उरत नाही.

शेवटी हुमायूनची कबर. यमुनेच्या खोऱ्यातील ह्या उद्यानात बऱ्याच अंतरापर्यंत खुर्ची नेता येते. मुख्य वास्तू मात्र सुमारे सात मीटर उंचीच्या चौथऱ्यावर आहे आणि तेथे जाण्याचे मूळ जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. ह्या ठिकाणी इतिहासाने एक विलक्षण योगायोग मांडून ठेवला आहे. ज्या बादशहाची ही कबर, तो जानेवारी १५५६ मध्ये पुराना किल्ल्यातील आपल्या ग्रंथालयाच्या, शेर मंडळाच्या जिन्यावरून पडला आणि त्या दुखापतीनेच मरण पावला. पाय शाबूत असलेल्या सम्राटाचाही दिल्लीच्या उंच पायऱ्यांनी जीव घेतला. आणि मिनारांतील जिन्यांविषयी बोलावयाचे तर ४ डिसेंबर १९८१ रोजी कुतुबमिनाराच्या आतील जिन्यात दिवे गेल्याने चेंगराचेंगरी होऊन ४५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. तेव्हापासून मिनाराच्या आत कोणासच प्रवेश नाही. एवढ्यापुरती समता कुतुबने प्रस्थापित केली आहे, पण ती फार मोठी किंमत देऊन.

मित्रहो, ह्या एका दिवसाच्या फेरफटक्यातून एक सिद्धान्त हाती येतो. आपला कामगार सकाळी मेट्रोत अपंग नव्हता; रस्त्यावर येताच तो अर्धा अपंग झाला आणि मशिदीपाशी पूर्ण. त्याच्या मणक्यात दिवसभरात काहीही फरक पडला नव्हता. बदलत होती ती त्याच्या भोवतालची रचना. ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये हाच विचार तत्त्व म्हणून मांडला होता. शरीरातील उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेवर समाजाने लादलेले अपंगत्व ही दुसरी गोष्ट, असा भेद त्यांनी केला. जातीच्या आणि स्त्री-पुरुष विषमतेच्या प्रश्नांत आपण जो विवेक शिकलो, तोच हा. स्त्रीचे दुय्यमत्व तिच्या शरीरात नसते, अस्पृश्यता जन्मात नसते. ती समाजाच्या रचनेत असते. १३९८ मध्ये दिल्लीचा विध्वंस करणारा तैमूर पायाने अधू होता. त्याच्या नावाला ‘लंग’ हे उपपद चिकटले ते त्यामुळेच. त्याचे अधूपण त्याच्या सत्तेच्या आड आले नाही, कारण त्याच्यापाशी घोडे होते आणि हुकूम होता. अपंगत्व गरिबाला जडते तेव्हाच ते पुरते अपंगत्व होते.

सरकारने शब्द बदलून पाहिला. २०१५ च्या अखेरीपासून ‘विकलांग’ ह्या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ करण्यात आला. नाव देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण अंगाला दिव्यत्व बहाल केल्याने पायरीची उंची सूताइतकीही कमी होत नाही. हा प्रश्न देवत्वाने सुटणारा नाही. तो गवंड्याने सुटणारा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ते तीन आहेत आणि तिन्ही प्रामाणिकपणे घेतले जातात, म्हणून त्यांची उत्तरेही प्रामाणिकपणे दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप खर्चाचा. गरीब देशाला हे परवडेल काय, असे विचारले जाते. येथे साधे गणित करून पाहावे. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण बारास एक असे आहे. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. रेशन दुकान, टपाल कचेरी, शाळा, दवाखाना अशा असंख्य ठिकाणी अडथळा असतो तो एका, दोन किंवा तीन पायऱ्यांचा. त्यासाठी लागणारे सिमेंट आणि मजुरी ह्यांचा हिशोब गावचा कोणताही गवंडी उभ्याउभ्या सांगेल. इमारतीच्या आराखड्यातच उतार आखला तर वेगळा म्हणावा असा खर्च क्वचितच येतो. बांधून झालेले फोडून पुन्हा बांधावे लागते तेव्हा तो फुगतो. खर्च उताराचा नसतो, विसरण्याचा असतो. हुमायूनच्या चौथऱ्याचे गणित मात्र निराळे आहे. सात मीटर उंचीसाठी ह्याच प्रमाणाने चौऱ्याऐंशी मीटरचा उतार, शिवाय मधली विश्रांतीची सपाट जागा लागेल. तेथे उताराऐवजी यांत्रिक साधनाचा विचार करावा लागेल, आणि तोही वास्तूला धक्का न लावता. अवघड ठिकाणे आहेत हे मान्यच करावयास हवे. पण सात मीटरची सबब पुढे करून पंधरा सेंटिमीटरची पायरी तशीच ठेवली जाते, हा खरा अप्रामाणिकपणा आहे.

आणि परवडत नाही असे म्हणताना आज हा खर्च कोण करीत आहे हेही विचारले पाहिजे. तो खर्च होतच आहे. फक्त सरकारच्या जमाखर्चात दिसत नाही. तो अपंगाच्या घरातील आई, पत्नी, बहीण ह्यांच्या न मोजलेल्या श्रमांत होतो. तो बुडालेल्या रोजगारात, सोडलेल्या शिक्षणात आणि रिक्षाच्या जादा भाड्यात होतो. अर्थशास्त्रातील एक जुना धडा असा की, एखाद्या व्यवस्थेचा भार दुर्बलावर ढकलला म्हणजे ती व्यवस्था स्वस्त भासू लागते. पायरी स्वस्त वाटते ती ह्याच कारणाने.

दुसरा आक्षेप असा की, खुर्चीवरून येणारी माणसे असतात तरी किती? दिवसाकाठी दोन माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला? नदीवर पूल नाही म्हणून पलीकडे कोणी जात नाही, आणि पलीकडे कोणी जात नाही म्हणून पुलाची गरज नाही, अशा मासल्याचा हा युक्तिवाद आहे. बाजार जी मागणी ओळखतो ती केवळ क्रयशक्तीच्या पाठबळाची मागणी. श्रीमंत अपंगासाठी बाजार खास मोटार देईल, नोकर देईल, पंचतारांकित हॉटेलात रुंद दाराची खोली देईल. आपल्या कामगाराची इच्छा बाजाराला ऐकूच येत नाही. म्हणून रस्ता, स्थानक, स्मारक आणि शौचालय ही बाजारावर सोपविण्याची गोष्ट नव्हे. शिवाय उतार एकदा झाला की तो कोण वापरतो ते पाहा. गुडघे दुखणारी म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, लहान मूल कडेवर घेतलेली आई, पाय मोडून प्लास्टरात असलेला तरुण, आणि मालाने भरलेली हातगाडी ओढणारा हमाल. चांदणी चौकात हमाल पाठीवर जे ओझे वाहतो, त्याचा पहिला शत्रू पायरी हाच आहे. खुर्चीवाल्याची मागणी आणि हातगाडीवाल्याची मागणी एकच आहे, हे ज्या दिवशी दोघांनाही उमगेल त्या दिवशी ती मागणी अल्पसंख्याकांची राहणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त आहे. ऐतिहासिक वास्तू ही राष्ट्राची ठेव आहे, तिच्यात फेरफार करणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास, असे म्हटले जाते. ह्यातील तळमळ खरी आहे आणि ती झिडकारून चालणार नाही. पण इतर देशांतील जुन्या शहरांनी काय केले ते पाहिले म्हणजे हा पेच सुटण्याजोगा आहे हे कळते. स्पेनमधील आविला हे मध्ययुगीन तटबंदीचे शहर १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अपंगांना सुगम शहरासाठी युरोपीय आयोग जो पुरस्कार देतो, त्यातला पहिलाच, २०११ चा, पुरस्कार ह्या शहरास मिळाला. त्याच्या तटाचा काही भाग चाकांच्या खुर्चीवरून पाहता येतो. इंग्लंडमधील चेस्टर ह्या रोमन काळापासूनच्या तटबंदीच्या शहराने तटावरील वाटेस ठिकठिकाणी उतार जोडले आणि २०१७ मध्ये तोच पुरस्कार मिळविला. नेदरलंड्‌समधील ब्रेडा ह्या शहराने केलेला उपाय तर सुतारगवंड्यांच्या शहाणपणाचा नमुना आहे. जुन्या चौकातील गोटे खुर्चीला आणि म्हाताऱ्यांच्या पायांना अडत होते. ते फेकून डांबर ओतावे तर शहराचे रूप जाते. तेव्हा ते गोटे उचलून मधोमध चिरण्यात आले आणि सपाट बाजू वर करून पुन्हा बसविण्यात आले. तोच दगड, तीच जागा, तोच रंग. बदलली ती फक्त कूस. २०१९ चा पुरस्कार ब्रेडाला मिळाला.

सर्वच ठिकाणी इतके समाधानाने घडते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २००४ च्या अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धांच्या निमित्ताने उद्‌वाहन बसविण्यात आले. पुढे ते वारंवार नादुरुस्त होऊ लागले आणि २०२० मध्ये त्या जागी नवे आले. त्याच सुमारास माथ्यावरील खडकावर काँक्रीटच्या वाटा टाकण्यात आल्या आणि ग्रीसमध्ये मोठे वादळ उठले. प्राचीन खडक झाकला गेला, अपंगांचे नाव पुढे करून गर्दीची सोय केली, असा टीकाकारांचा आरोप होता. ह्या वाटा खडकाला इजा न करता काढून टाकता येतील, असे सरकारचे म्हणणे होते. ह्या वादात दोन्ही बाजूंस काही तथ्य आहे. त्यातून घ्यावयाचा बोध एवढाच की, काय करावे ह्याविषयी मतभेद होतील, करावे की नाही ह्याविषयी होऊ नयेत. आणि निर्णय घेताना पुरातत्त्वज्ञाइतकेच स्थान खुर्चीवर बसणाऱ्यालाही असले पाहिजे.

इतिहासाच्या शुद्धतेविषयी बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या जुन्या वास्तूंना उतार अपरिचित होता असे मुळीच नाही. आग्र्याच्या किल्ल्यात शिरताच दोन भिंतींमधून वर जाणारा लांब, रुंद, दगडी उतार लागतो. हत्ती-घोड्यांनी त्यावरूनच वर जायचे. म्हणजे मोगल स्थापत्याला उतार ठाऊक होता. तो कोणासाठी करावयाचा एवढाच प्रश्न होता. राजेशाहीने हत्तीची सोय पाहिली. लोकशाहीने माणसाची सोय पाहू नये काय?

आता कायद्याविषयी. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात पदपथांच्या कडा उतरत्या करण्याचे आणि सार्वजनिक इमारतींस उतार देण्याचे कर्तव्य सरकारवर व स्थानिक संस्थांवर टाकले होते. पण त्या कलमांच्या आरंभी एक छोटेसे वाक्य ठेवले होते. हे सारे ‘आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत’ करावयाचे होते. ह्या चार शब्दांच्या फटीतून वीस वर्षे निसटून गेली. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांविषयीचा करार मान्य केला, आणि त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा आला. त्यात ही पळवाट नाही. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम कराव्यात, असे तो सांगतो. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. मुदत संपली, पायऱ्या संपल्या नाहीत.

राजीव रतुरी ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सविस्तर निर्देश दिले. त्याच प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे ठरवून न्यायालयाने तो रद्दबातल केला आणि किमान मानके बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारला सांगितले. याचिका २००५ मधली आणि हा निर्णय २०२४ मधला. एकोणीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढल्यावर दुसऱ्या पायऱ्यांविषयीचा निकाल हाती आला.

कायदा आहे, निकाल आहे, तंत्र आहे. मग उरते काय? उरते ती लोकांची संघटित मागणी, आणि तेथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. ह्या बाबतीत पुरोगामी चळवळीचा स्वतःचा जमाखर्चही फारसा अभिमानास्पद नाही. आपल्या सभा कोठे भरतात? जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर, अरुंद लाकडी जिना चढून. अभ्यासवर्ग कोठे भरतात? जेथे जागा फुकट मिळेल तेथे, आणि फुकटची जागा बहुधा वरच्या मजल्यावर असते. त्या जिन्याने किती माणसे चळवळीबाहेर ठेवली ह्याचा हिशोब कधी झालेला नाही, कारण जी येऊच शकली नाहीत त्यांची हजेरी कोणी घेत नाही. इचलकरंजीच्या त्या कल्पित कामगाराला दिल्लीच्या मशिदीपाशी थांबावे लागले हे आपल्याला खटकते. त्याला शाखेच्या कचेरीखाली थांबावे लागले तर खटकेल काय?

म्हणून तीन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील दहा सार्वजनिक जागांची पाहणी करावी. एस. टी. स्थानक, पंचायत कचेरी, रेशन दुकान, शाळा, दवाखाना, मतदान केंद्र आणि गावातील एखादी जुनी वास्तू ह्यांचा तीत समावेश असावा. टेप घेऊन पायऱ्यांची उंची, दाराची रुंदी आणि शौचालयाची स्थिती मोजावी, आणि ती पाहणी गावातील अपंग व्यक्तीच्या नेतृत्वाखाली व्हावी. दुसरे, महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे असतात. ते कशावर खर्च होतात ह्याचा जाब ग्रामसभेत आणि वॉर्डसभेत विचारावा. तीन डिसेंबरला हार-तुरे, भाषण आणि पिशवी-वाटप ह्यांत तो निधी संपत असेल तर ते उघडपणे मांडावे. तिसरे, आणि हे आजपासूनच करता येण्याजोगे आहे, यापुढे पक्षाची कोणतीही सभा अशा जागी घेऊ नये जेथे खुर्चीवरून येणारा साथी स्वतःच्या बळावर येऊ शकणार नाही. जागा भाड्याची घ्यावी लागली तरी चालेल. तेवढे भाडे ही तत्त्वाची किंमत आहे.

ऐतिहासिक शहर पाहणे ही चैन आहे, भाकरीचा प्रश्न आधी सुटू द्या, असे कोणी म्हणेल. भाकरीचा प्रश्न मोठाच आहे. पण ज्याला शहर पाहावयास मिळत नाही त्याला त्या शहरात काम शोधावयासही मिळत नाही. पायरी पर्यटक आणि कामगार असा भेद करीत नाही. आणि गरिबाला केवळ भाकर पुरे, इतिहास श्रीमंतांसाठी, ही वाटणी समाजवाद्यांनी कधीच मान्य केलेली नाही. लाल किल्ला बांधणारे हात कारागिरांचे होते. त्या हातांच्या वारसांपैकी कोणाला, केवळ पाय चालत नाहीत म्हणून, आपल्या पूर्वजांचे काम दुरून पाहावे लागू नये.

२००१ मध्ये दिल्लीत ज्या फळ्या टाकल्या गेल्या त्या एका थोर माणसासाठी होत्या. आता मागणी आहे ती दगडात बांधलेल्या उतारांची, आणि थोर नसलेल्या माणसांसाठी.